लाटेला लावलेली हळद

श्रद्धेने घडलेल्या चुकीचे ओझे हलके असते. प्रेमापोटी ती चूक झाकायला गेले की तेच ओझे जड होते. चूक एकाच माणसाच्या हातून घडते, परंतु ती झाकण्याच्या कामात सारे घर गुंतते, आणि घर प्रेमळ असेल तर अधिकच उत्साहाने गुंतते. ज्या वर्षी जपानने आपल्या नव्या नोटा काढल्या, त्या वर्षीच्या दिवाळीत लेस्टरच्या बेहेरे कुटुंबात असेच घडले. दोषी कोण, याचा निर्णय वाचकांनी सावकाश करावा. घाई या कथेतील मंडळींनी पुरेशी केली आहे.

या घराचे कर्ते पुरुष हरिदास बेहेरे, वय वर्षे ब्याऐंशी. त्यांनी लेस्टरच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवले आणि घरी संस्कृत जपले. ते रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देत; मात्र लेस्टरचा सूर्य क्वचितच प्रकट होत असल्याने गेली एकेचाळीस वर्षे हे अर्घ्य अंदाजाने, मागल्या अंगणातील कचऱ्याच्या हिरव्या पेटीच्या दिशेने अर्पण होत असे. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई मूळच्या मुरुडच्या, समुद्राच्या शेजारी वाढलेल्या. पुत्र रवी ब्रॅकनेलच्या एका संगणक कंपनीत होता आणि आठवड्याच्या अखेरीस घरी येई. सून राजश्री रुग्णालयात परिचारिका. हे सारे घडले त्या तीनही दिवशी तिला कामाची पाळी असल्यामुळे ती या कथेत नाही, आणि त्याबद्दल तिने पुढे अनेकदा देवाचे आभार मानले.

उरली नात ईशिता. वय चोवीस. शहरातील एका लहानशा मुद्रणकला संग्रहालयात तिला नोकरी मिळाली होती, पण ती प्रोबेशनवर. सहा महिन्यांची मुदत संपत आली होती. संग्रहालयात मंगळवारी एक प्रदर्शन उघडणार होते: उंच उसळलेल्या निळ्या लाटेचे प्रसिद्ध जपानी चित्र, लाकडी ठशांवरून हाताने छापलेले, आणि त्याच्या शेजारी जपानची हजार येनची नवी नोट, जिच्या पाठीवर तीच लाट छापली आहे. चित्र आणि नोट दोन्ही कार्डिफच्या ओनिशीबाईंच्या मालकीची. चित्र त्यांच्या वडिलांनी छापलेले. ते सोमवारी खास वाहनाने यायचे होते. नोट त्यांच्या ओसाकाच्या भावाने, ती निघाली त्याच दिवशी बँकेपुढे रांग लावून, बहिणीसाठी मिळवलेली. ती आणण्याचे काम एकट्या ईशिताकडे सोपवले होते. पूर्णपणे तिच्या स्वाधीन झालेली ही पहिलीच वस्तू.

शुक्रवारी ती कार्डिफहून परतली तेव्हा संग्रहालयाची तिजोरी बंद झाली होती, आणि किल्लीवाले गृहस्थ नातवंडांना घेऊन आतषबाजी पाहायला गेले होते. म्हणून नोट घरी आली. सोमवारी सकाळी ईशिताने एक फॉर्म भरून सही करायची होती. त्यातला चौथा प्रश्न असा: ‘ताब्यात घेतल्यापासून वस्तूच्या स्थितीत काही बदल झाला आहे काय?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिता आले की नोकरी पक्की, असे ईशिताचे गणित होते.

आणि त्या शुक्रवारी लक्ष्मीपूजन होते.

ईशिताने नोटेचे पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि ती साडी नेसायला वर गेली. प्रमोदिनीबाईंनी पाकीट उघडले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरात नवी कोरी नोट आपण होऊन चालत यावी आणि तिला पाकिटात कोंडून ठेवावे, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. ईशिता खाली येईपर्यंत पूजा आटोपली होती, नोट पाकिटात परत गेली होती आणि पाकीट होते त्या जागी होते.

शनिवारी दुपारी ईशिताने पडदे ओढले आणि घरच्यांना हौसेने नोट दाखवायला घेतली. तिच्यापाशी संग्रहालयाचा एक छोटा अतिनील दिवा होता. त्याच्या जांभळ्या प्रकाशात नोटेतील गुप्त शाई उजळते, खोटी नोट असेल तर कागदच उजळतो.

“हा बघा आबा, हे डॉक्टर,” ती म्हणाली. नोटेच्या पुढच्या अंगाला जंतूंचा अभ्यास करणाऱ्या एका थोर डॉक्टरांचे चित्र होते, आणि बाजूच्या चकचकीत चौकोनात त्यांचेच मुख पुन्हा. “नोट हलवला की ते मान वळवतात. थ्री-डी. असं कुठेच नव्हता आधी. आणि आता लाइट मारते. ही मोहर बघा, ऑरेंज!”

मोहर खरोखरच नारिंगी उजळली. सर्वांनी माना डोलावल्या. मग ईशिताने नोट उलटली. लाट आली. लाटेच्या माथ्यावर, जेथे काहीच उजळायला नको होते तेथे, बोटाच्या पेराएवढा एक हिरवट पिवळा ठिपका काजव्यासारखा झळकत होता.

ईशिताने दिवा आणखी जवळ नेला.

“हे पण सिक्युरिटी फीचर का?” रवीने विचारले.

“नाही,” ईशिता म्हणाली. मग तिने दिवा हळूहळू वळवला. प्रमोदिनीबाईंच्या उजव्या हाताची बोटे तशीच झळकत होती.

“आजी, खरं सांग. तू नोटला हात लावला?”

“हात नाही लावला. बोट लावलं. अनामिका. देवाला अनामिकेनेच लावतात.”

“काय लावलं?”

“हळदकुंकू. कुंकू मी रुमालाने झटकलं हो, अगदी स्वच्छ. हळद जरा ओली होती.”

ईशिता खुर्चीत बसली. तिच्या हातातला दिवा खाली झुकला, आणि त्याच्या प्रकाशात बेहेरे कुटुंबाचा एकेचाळीस वर्षांचा स्वयंपाक उघडकीस आला. फ्रिजची मूठ झळकली. टीव्हीचा रिमोट झळकला. रवीच्या शर्टाची कॉलर, दिवाणखान्याच्या दाराची कड, भिंतीवरील विजेचे बटण, सारे पिवळे. आणि स्वयंपाकघरातील चिवड्याच्या डब्यापासून बोटांच्या ठशांची एक तेजस्वी रांग निघाली ती गालिच्याच्या कडेने हरिदासरावांच्या आरामखुर्चीपर्यंत आणि तेथून त्यांच्या संस्कृत कोशाच्या पानांवर पोहोचली.

“अहो!” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय ना तुमचं?”

“प्रस्तुत विषय नोटेचा आहे,” हरिदासराव म्हणाले आणि त्यांनी कोश मिटला.

“पण आजी, का?” ईशिताने विचारले. “लाटला कशाला हळद?”

“का म्हणजे? त्या होड्यांतली माणसं बघितलीस का तू? तीन होड्या, समोर एवढी लाट, आणि सगळे बिचारे माना खाली घालून बसलेत. आमच्या मुरुडला दर्या खवळला की त्याची पूजा करतात, नारळ देतात. मी नुसती हळद लावली.”

“नारळ का नाही दिलास मग?” रवी म्हणाला.

“घरात एकच होता. तो करंज्यांत गेला.”

“आणि डॉक्टरांना? त्यांना काय लावलं?” ईशिताने भीत भीत नोट सुलटी केली.

“त्यांना कसं लावणार? मी निरांजन ओवाळलं तर त्यांनी मान वळवून माझ्याकडेच बघितलं! परका पुरुष बघतोय म्हटल्यावर मी पदर सारखा केला आणि नोट उलटी केली.”

आता उपायांची चर्चा सुरू झाली. रवीने मोबाइलवर शोधून व्हिनेगर, स्पिरिट आणि खाण्याचा सोडा अशी औषधे क्रमाने सुचवली; प्रत्येक औषधाला ईशिताने कान झाकले.

“थोडीशी धुऊ या का? जपानी कागद मजबूत असतो म्हणे.”

“बाबा, झुडपाच्या सालीपासून बनवतात तो कागद! तो टी-शर्ट नाहीये!”

तेव्हा हरिदासरावांनी घसा साफ केला. “हळदीचा रंग सूर्याला भितो,” ते म्हणाले. “उन्हात ठेवा. काही करावे लागणार नाही.”

“हे मात्र खरं,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “माझ्या लग्नातलं पिवळं पातळ यांनी दोन दिवस दोरीवर विसरून ठेवलं. पांढरं झालं. पंचावन्न वर्षं झाली, अजून बोलले नाहीये मी त्याबद्दल.”

“दर दिवाळीला बोलतेस,” हरिदासराव म्हणाले.

ईशिताने शोधून पाहिले. हळदीचा रंग उन्हात उडतो हे खरे होते. नोटेच्या शाईला थोड्याशा उन्हाने काही होणार नाही, असे तिने स्वतःला समजावले. तिने शिकलेले शास्त्र तिला निराळे काही सांगत होते, पण त्या शास्त्राला नोकरी गमावण्याची भीती नव्हती. तिला होती.

आता उणीव केवळ सूर्याची होती. लेस्टरला नऊ दिवस त्याचे दर्शन झाले नव्हते. रविवारी सकाळी हरिदासरावांनी हिरव्या पेटीच्या दिशेने दुप्पट अर्घ्य दिले. आकाश राखेच्या रंगाचे राहिले. रवीने मोबाइलवरील चार निरनिराळी हवामान-पत्रके तपासली आणि पाचव्यात त्याला आशा दिसली.

“कार्डिफ. बारा ते दोन. सूर्याचं चित्र आहे, आणि ढग नाहीये त्याच्यावर.”

“कार्डिफ? नो वे, बाबा! ओनिशीबाई तिथे राहतात!”

“अगं, एवढं मोठं शहर. त्या आपल्याला कुठे भेटणार? अडीच तासांत पोचू. चला, कोट घाला.”

प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि फराळाचा मोठा डबा कापडात बांधून आल्या.

“आई, हे कशाला?”

“वाटेत भूक लागते,” त्या म्हणाल्या.

पारदर्शक पाकिटात घातलेली नोट गाडीच्या काचेखाली ठेवून हे कुटुंब सूर्याच्या शोधात निघाले. मोटरवेवर सूर्याने दोनदा डोके वर काढले आणि दोन्ही वेळा गाडी बोगद्यासारख्या पुलाखाली होती. वाटेतल्या एका विश्रांतिस्थानाच्या आवारात मात्र ढगाला भोक पडले, आणि उन्हाचा एक सुरेख तुकडा नेमका एका गाडीपुरता जमिनीवर उतरला. त्या जागेवर गाडी अगोदरच उभी होती. तीत एक टक्कल पडलेले गृहस्थ सँडविच खात होते.

रवी खाली उतरला आणि त्याने काचेवर टकटक केली. आमच्यासोबत एक जपानी डॉक्टर आहेत, त्यांना तातडीने ऊन हवे आहे, आपण गाडी जराशी हलवाल का, असे त्याने नम्रपणे विचारले. गृहस्थांनी बेहेऱ्यांच्या गाडीत डोकावून पाहिले. त्यांना दोन वृद्ध आणि एक रडवेली मुलगी दिसली. डॉक्टर दिसले नाहीत. तरीही सभ्यपणाने त्यांनी गाडी मागे घेतली. रवीने आपली गाडी पुढे घेतली. ढगाचे भोक बुजले. दोन्ही गाड्यांतील माणसे काही वेळ एकमेकांकडे पाहत राहिली. शेवटी प्रमोदिनीबाईंनी खाली उतरून त्या गृहस्थांना दोन चकल्या दिल्या.

कार्डिफला पोहोचल्यावर मात्र रवीच्या पाचव्या पत्रकाने शब्द पाळला. खाडीच्या काठावर निर्मळ, सोनेरी, कोवळे ऊन पसरले होते. हरिदासरावांनी कोट काढला, टोपी काढली, आणि साक्षात सूर्यबिंबाकडे तोंड करून ते असे उभे राहिले की जणू एकेचाळीस वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर समोरचा माणूस प्रथमच भेटला आहे. ईशिताने नोट बाकावर ठेवली, लाट वर. खाली खऱ्या लाटा कठड्यावर आपटत होत्या. प्रमोदिनीबाईंनी त्यांनाही नमस्कार केला, म्हणजे पक्षपात नको.

चाळीस मिनिटे सारे सुरळीत चालले. मग वारा सुटला. पाकीट उडाले, बाकावरून घसरले, फरशीवरून सरपटत थेट पाण्याच्या दिशेने निघाले.

“आई! तुझ्यासमोर! पाय ठेव! पाय ठेव त्याच्यावर!” रवी ओरडला.

“लक्ष्मीवर पाय?” प्रमोदिनीबाई गरजल्या. “वेडा झालास का?”

“आई, प्लीज! जाईल ती!”

मग एकोणऐंशी वर्षांच्या प्रमोदिनीबाईंनी जो एकमेव शास्त्रसंमत मार्ग उरला होता तो स्वीकारला. त्यांनी हात जोडले, गुडघे टेकले आणि कठड्यापासून दोन हातांवर त्या नोटेवर साष्टांग नमस्कार घातला. पाकीट त्यांच्या पोटाखाली सापडले.

पळत व्यायाम करणारी एक तरुणी धावत आली. तिने रुग्णवाहिका बोलावण्यासाठी फोन काढला होता. “आजी ठीक आहेत ना?”

“ठीक आहे ती,” धापा टाकत रवी म्हणाला. “प्रार्थना करतेय.”

“कोणाची?”

त्या दिवसात प्रथमच रवीने खरे उत्तर दिले. “हजार येनची.”

तरुणीने फोन खिशात ठेवला, किंचित मान लववली, आणि ती बरीच दूर जाईपर्यंत मागे वळून पाहत राहिली.

प्रमोदिनीबाईंना उभे केल्यावर तिघांनी रवीच्या कोटाखाली डोकी घातली आणि ईशिताने दिवा लावला. ठिपका फिका झाला होता. पण होता.

“आता साध्या डोळ्याला दिसत पण नाही,” रवी कोटातून म्हणाला. “लिही ‘नाही’ आणि सही कर. कोणाला कळणार आहे?”

ईशिताने दिवा विझवला. कोटाखाली अंधार होता, पण ती रडत आहे हे सर्वांना कळले. “सगळे पेपरवर्क मी स्वतः चेक करते, बाबा,” ती अखेरीस म्हणाली. “दुसऱ्यांचे फॉर्म पण. कोणी खोटं लिहिलं की मला राग येते.”

“मग आता तिच्या घरी चला,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

“कोणाच्या?”

“त्या ओनिशीबाईंच्या. त्यांच्या गावात यायचं, दिवाळीच्या दिवसांत यायचं, आणि फराळ न देता दारावरून परत जायचं? लोक काय म्हणतील?”

“कोण लोक, आई? आपण इथे आहोत हे कोणाला माहीतच नाही!”

“मला माहीत आहे,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पर्समधून बसचा पास काढला. त्याच्या पाठीवर, शुक्रवारी पाकिटावरून उतरवून घेतलेला पत्ता सुवाच्य देवनागरीत लिहिलेला होता.

ओनिशीबाईंनी स्वतः दार उघडले. सत्तरीच्या, ठेंगण्या, करड्या केसांच्या. दाराशी ओळीने मांडलेल्या सपाता पाहून प्रमोदिनीबाईंना माहेरी आल्यासारखे वाटले; त्यांनी बूट काढले, फराळाचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला, आणि लेस्टरच्या बसगाड्यांत व दवाखान्यांत कमावलेले सारे इंग्रजी एकवटून त्या म्हणाल्या, “मॅडम, हॅपी दिवाळी. आय पुट हळदी ऑन युवर सी.”

“ऑन माय सी?” ओनिशीबाई म्हणाल्या.

मग ईशिताने सर्व सांगितले. पाकीट, पूजा, होड्यांतील माणसे, दिवा, ठिपका. सांगताना तिने कोणाचेही नाव वगळले नाही आणि स्वतःचे पहिले घेतले: नोट टेबलावर ठेवून साडी नेसायला गेले ती मी. ओनिशीबाईंनी नोट पाकिटातून काढली. ती त्यांनी नाकाशी नेली.

“उकोन,” त्या म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि एक हलकी लाकडी पेटी घेऊन आल्या. पेटीत कापडात गुंडाळलेले ते चित्र होते, वडिलांनी छापलेले, सोमवारी लेस्टरला जायचे होते तेच. कापड फिकट पिवळे होते. “दिवा लाव,” त्यांनी ईशिताला सांगितले.

ईशिताने दिवा लावला. सारे कापड झळकू लागले, जुन्या देवळातल्या समईसारखे मंद. चित्राच्या कडेलाही एक पिवळी रेघ उजळली.

“उकोन म्हणजे हळद,” ओनिशीबाई म्हणाल्या. “आमच्याकडे चित्रे, रेशीम, चहाचे कटोरे, जे जे जपायचे ते हळदीत रंगवलेल्या कापडात बांधतात. किडा लागत नाही. हे कापड माझ्या आईने रंगवले होते.” त्या प्रमोदिनीबाईंकडे वळल्या. “तुम्ही माझी नोट जपण्याच्या वस्तूंमध्ये घातली. यात माझी तक्रार नाही.”

ईशिताने दिवा बंद केला. रवीने कोटाचे बटण सोडले. हरिदासराव चकलीकडे हात नेणार, तोच ओनिशीबाईंनी नोट तळहातावर ठेवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पण ही नोट ऊबदार का लागते आहे?”

रवीने कोटाचे बटण पुन्हा लावले.

“आम्ही... थोडं ऊन...” रवी म्हणाला.

“ऊन?” ओनिशीबाई उभ्या राहिल्या. त्यांची उंची फारशी वाढली नाही, पण चौघेही मागे सरकले. “छापलेला कागद उन्हात ठेवला? मुद्दाम? माझ्या वडिलांनी चित्रांवर कधी चांदणे पडू दिले नाही! पावसाळ्यात पडदे, हिवाळ्यात पडदे, आणि तुम्ही त्या कागदाला समुद्रकिनाऱ्यावर फिरायला नेले? ही कल्पना कोणाची?”

ईशिता, रवी आणि प्रमोदिनीबाई यांनी एकाच वेळी हरिदासरावांकडे पाहिले. हरिदासराव खिडकीतून बागेकडे पाहू लागले.

“मी म्हटलंच होतं यांना,” प्रमोदिनीबाई मराठीत म्हणाल्या, “माझ्या पातळाचं काय केलं विसरलात का?” आणि मराठी येत नसूनही ओनिशीबाईंनी जोरात मान हलवली. त्या क्षणापासून त्या दोघी एका पक्षाच्या झाल्या.

“मी हे सगळे फॉर्मवर लिहिणार आहे,” ईशिता म्हणाली. “ऊन पण. तुम्हाला लोन, म्हणजे नोट आणि चित्र, परत घ्यायचं असेल तर घ्या. आय अंडरस्टँड.”

ओनिशीबाईंनी नोट पुन्हा पाकिटात घातली. “सगळे लिहिणार?”

“सगळे.”

“तर नोट तुझ्याजवळच राहील,” त्या म्हणाल्या आणि चहा करायला उठल्या.

चहा घेताना प्रमोदिनीबाईंनी विचारले, ही नोट आली कोठून. भावाने पाठवली, हे ऐकताच त्यांनी कप खाली ठेवला. “रवी, अरे, आज भाऊबीज! म्हणजे ही ओवाळणीच की!” मग ओवाळणी म्हणजे काय, भाऊबीज म्हणजे काय, हे तिघांनी तीन प्रकारे समजावले. ओनिशीबाईंना ते एवढे आवडले की त्यांनी तत्काळ ओसाकाला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातील एक वृद्ध गृहस्थ अर्धवट झोपेत प्रकटले. बशीत एक मेणबत्ती, चार अक्षता आणि अनारसा ठेवून ओनिशीबाईंनी मोबाइलला ओवाळले. प्रमोदिनीबाईंचा हात पर्समधल्या हळदीच्या पुडीकडे गेला होता. ईशिताने तो वरच्या वर धरला. भाऊ काही विचारत होते. ओनिशीबाई हसत उत्तर देत होत्या. शेवटी बंधूंनी पडद्यावरूनच कमरेत वाकून सर्वांना नमस्कार केला, आणि हरिदासरावांनी तो, अपराधी मुद्रेने, सर्वांहून अधिक वाकून परत केला.

सोमवारी सकाळी ईशिताने चौथ्या प्रश्नापुढे लिहिले: ‘होय. एक, शुक्रवारी लाटेच्या माथ्यावर हळद. उजव्या हाताची अनामिका. हेतू, होड्यांचे रक्षण. दोन, रविवारी कार्डिफ येथे सूर्यप्रकाश, चाळीस मिनिटे. हेतू, वरील नोंद लपवणे. तीन, एका व्यक्तीच्या पूर्ण भाराखाली सुमारे एक मिनिट. घडी पडलेली नाही. तिन्ही वेळी वस्तू माझ्या ताब्यात होती.’ आणि सही केली.

संग्रहालयाच्या प्रमुख मिसेस थॉर्नली यांनी तो फॉर्म तीनदा वाचला. मग त्यांनी ईशिताला बोलावले. हळदीबद्दल त्यांनी काही विचारले नाही. उन्हाबद्दल त्यांनी अशा शब्दांत सुनावले की ते येथे लिहिणे उचित नाही. नोट घरी नेल्याबद्दल प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवले. निघता निघता त्या म्हणाल्या की हा संग्रहालयातील असा पहिलाच फॉर्म आहे ज्याच्या प्रत्येक शब्दावर त्यांचा विश्वास बसला, आणि तीन महिन्यांनंतरची नेमणूक त्यांनी आजच मनात लिहून ठेवली आहे. “मात्र एक नोंद अपुरी आहे,” त्या म्हणाल्या. “व्यक्तीचे वजन?”

ईशिताने घरी फोन लावला.

“लिहायचं कारण नाही,” पलीकडून प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “तिला सांग, नोटेला त्रास झाला नाही.”

ती जागा अद्याप रिकामी आहे. प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडले. पुढच्या आठवड्यात लेस्टरच्या मागल्या अंगणात, सावलीत, एक पांढरे सुती कापड हळदीच्या पाण्यात तीन वेळा बुडवून वाळत पडले होते. ओनिशीबाईंच्या आईचे कापड फार फिके झाले होते ना. हरिदासरावांना त्या दोरीजवळ जाण्याची मनाई होती. ते हिरव्या पेटीपाशी उभे राहून अर्घ्य देत, आणि सूर्य वर येऊ नये अशी त्यांनी त्या एका आठवड्यापुरती त्याला विनंती केली होती.

त्या कापडात जे बांधले जाईल ते सुरक्षित राहो. ते रंगवणारे हात आणि ते उलगडणारे हात निरोगी राहोत. ओसाकाच्या त्या बंधूंना शांत झोप लागो. खरे लिहिणाऱ्या मुलीची लेखणी कधी अडखळू नये. आणि लाटेखाली माना घालून बसलेली ती होड्यांतील माणसे, ज्यांच्यासाठी हे सारे घडले, ती सुखरूप आपापल्या घरी पोहोचोत.